माबिओर म्हणजे पांढरा बैल

नमस्कार. पुण्यातल्या श्रोत्यांपुढे सुदानबद्दल बोलायचं, तर सुरुवात खडकवासल्यापासून करावी लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारातली घुमटाची भव्य इमारत आपल्यापैकी अनेकांनी निदान फोटोत तरी पाहिलेली आहे. तिचं नाव 'सुदान ब्लॉक'. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ साली, इटलीच्या फौजा सुदानच्या सीमेवर येऊन ठेपल्या होत्या. त्यांना मागे रेटणाऱ्यांत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत यांना त्याच मोहिमेत, सुरुंग काढण्याच्या कामासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे एरिट्रियात केरेनची लढाई झाली, तिथे मराठा पलटणीचे जवानही लढले. या उपकाराची आठवण म्हणून सुदान सरकारने १,००,००० पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले ७०,००० पौंड भारताच्या वाट्याला आले आणि त्या पैशांतून ही इमारत उभी राहिली.

म्हणजे सुदानचं नाव आपल्या गावात दगडात कोरलेलं आहे. आणि तरीही तिथली माणसं सकाळी उठून काय करतात, काय खातात, लग्न कसं जमवतात, भांडण कसं मिटवतात, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. आपण ऐकतो त्या लढाईच्या बातम्या. आज मी त्या माणसांच्या रोजच्या जगण्याबद्दल बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'सुदान' हा शब्द अरब भूगोलकारांचा, 'बिलाद अस-सुदान', म्हणजे काळ्या माणसांचा मुलूख. १ जानेवारी १९५६ रोजी स्वतंत्र झालेला सुदान आफ्रिकेतला सगळ्यात मोठ्या देशांपैकी एक होता. ९ जुलै २०११ रोजी त्याचा दक्षिण भाग वेगळा झाला आणि दक्षिण सुदान हा नवा देश जन्माला आला. उत्तरेत बहुतांश मुस्लिम, अरबी बोलणारे लोक, पण त्यांच्यातही नुबियन, बेजा, फूर, नुबा असे अनेक समाज. दक्षिणेत डिंका, नुएर, शिलुक, अझांडे, बारी आणि आणखी कितीतरी. एवढ्या सगळ्यांबद्दल तासाभरात बोलणं म्हणजे कोणाबद्दलच नीट न बोलणं. म्हणून मी उत्तरेच्या स्वयंपाकघरात थोडा वेळ थांबणार आहे आणि उरलेला वेळ दक्षिणेतल्या नुएर आणि डिंका यांच्या गोठ्यात काढणार आहे.

काही वर्षांपूर्वी कोंढव्यात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये सुदानी विद्यार्थी राहायचे. त्यांतला एक ओम्दुर्मानचा होता, दुसरा दक्षिणेतल्या बोर गावाजवळचा, डिंका. एकाच खोलीत राहायचे, एकाच पातेल्यात जेवायचे. २०११च्या त्या जुलैत त्यांचे देश वेगळे झाले. खोली तीच राहिली.

एका रविवारी ओम्दुर्मानच्या मुलाने मला 'किसरा' करून दाखवला. मंडईतून आणलेलं ज्वारीचं पीठ त्याने आदल्या दिवशीच पाण्यात कालवून, झाकून ठेवलं होतं. सकाळी त्याला आंबूस वास सुटला होता. त्याने तवा तापवला, तेलाचं फडकं फिरवलं, डावभर पातळ पीठ मधोमध ओतलं, आणि मग ते पसरलं. सुदानात हे पसरायला खजुरीच्या पानाचा चौकोनी तुकडा असतो, त्याला 'गेरगेरीबा' म्हणतात. इथे तो कुठून मिळणार? त्याने प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर कापून घेतलं होतं. त्याच्या कडेने तो पीठ एका दिशेने ओढत गेला, परत आणलं, पुन्हा ओढलं. काही सेकंदांत तव्यावर कागदाइतका पातळ, आरपार दिसेल असा पापुद्रा तयार झाला. तो उलटत नाहीत. कडा सुटल्या की अलगद उचलायचा आणि घडी घालून ठेवायचा. पहिले तीन फाटले. चौथा अखंड निघाला, तेव्हा तो म्हणाला, ''आई हे बघत असती तर पहिल्या तिघांबद्दलच बोलली असती.''

मी त्याला भाकरीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, ''पीठ तेच आहे, हात वेगळा आहे.'' तो म्हणाला त्यात फार मोठा इतिहास आहे. पूर्व सुदानात, कसाला शहराच्या परिसरात, जुन्या मातीच्या खापरांमध्ये ज्वारीच्या भुशाचे ठसे सापडले आहेत, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे. रानटी ज्वारी माणसाच्या हाताखाली येऊन पीक बनू लागल्याचा हा आजवरचा सगळ्यात जुना पुरावा. २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. सोलापूरची मालदांडी असो की खानदेशातली दादर, तिचं मूळ माहेर त्या बाजूचं. तिथून समुद्रमार्गे ती आपल्याकडे आली आणि इथली झाली. हुरडा खाताना आपण सुदानच्या गवताळ मुलखाचं देणं लागतो, असं मला मनापासून वाटतं.

ज्वारीचं तिथे काय काय होतं म्हणून सांगू! घट्ट शिजवलेली 'असीदा' असते. आपल्याकडच्या उकडीच्या अंगाने जाणारी. मध्ये खळगा करून त्यात सुकवलेल्या भेंडीच्या पुडीचं कालवण ओततात. रमजानसाठी 'हुलू-मुर' करतात. नावाचा अर्थ 'गोड-कडू'. ज्वारीला मोड आणायचे, वाळवून दळायचं, मसाले घालून पीठ आंबवायचं, त्याचे तांबूस पापुद्रे भाजायचे, आणि ते साठवून ठेवायचे. उपवास सोडताना पाण्यात भिजवले की सरबत तयार. हे काम एका घरच्या बाईचं नव्हेच, शेजारणी जमतात तेव्हा ते होतं. आपल्याकडचे उन्हाळ्यातले पापड-कुरडयांचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

रमजानमधली दुसरी एक प्रथा मला फार थोर वाटते. संध्याकाळी पुरुष घरातली ताटं घेऊन रस्त्यावर येतात, चटया अंथरतात, आणि उपवास तिथे, उघड्यावर सोडतात. का? तर कोणी वाटसरू उपाशी पुढे जाऊ नये. जझीरा भागात हमरस्त्यालगतच्या गावांचे लोक त्या वेळी चक्क रस्ता अडवतात, बस थांबवतात आणि प्रवाशांना खाली उतरवून जेवू घालतात. ओळख विचारत नाहीत. जेवून झालं की बस सोडतात.

आणि 'नफीर'. आपल्याकडे इर्जिक म्हणतात ना, एकाच्या शेतात सगळ्या गावाने जाऊन काम उरकायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, तोच हा प्रकार. नफीर म्हणजे हाक. कापणी असेल, घराचं छप्पर असेल, हाक गेली की माणसं येतात. २०१३ साली खार्तूमला पुराने वेढलं, तेव्हा तरुणांनी मदतीचं काम याच नावाने उभं केलं. १५ एप्रिल २०२३ रोजी सैन्य आणि निमलष्करी दलात युद्ध पेटलं, सरकारी यंत्रणा कोसळली, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत लोकांनी सामुदायिक चुली पेटवल्या, त्यांना 'तकाया' म्हणतात. गोळीबार चालू असताना मोठमोठ्या कढयांत डाळ शिजत होती. जुन्या रीतीभाती हा संग्रहालयातला माल आहे असं मानणाऱ्यांनी या कढयांकडे पाहावं.

लग्नातल्या 'जिर्तिग'बद्दल दोनच वाक्यं. नवरा-नवरीला लाल वस्त्रं, मनगटाला लाल रेशमी धागा, कपाळाला सोन्याची चंद्रकोर, डोक्याला सुगंधी उटणं. त्या उटण्यातलं चंदन पिढ्यान्‌पिढ्या भारतातून जात आलेलं आहे. शेवटी दोघं तोंडात दुधाचा घोट घेऊन एकमेकांवर फवारतात, आणि आधी कोणी फवारलं यावरून सगळा मांडव हसतो.

आता दक्षिणेकडे जाऊ.

पांढरी नाईल दक्षिण सुदानात उतरली की तिचा वेग मरतो. जमीन इतकी सपाट की पाण्याला कुठे जायचं कळत नाही. ते पसरतं. पाणकणीस, लव्हाळे, तरंगती बेटं. या दलदलीला 'सद्द' म्हणतात, अरबीत अडथळा. जगातल्या सगळ्यात मोठ्या पाणथळ प्रदेशांपैकी हा एक. याच्या आजूबाजूला नुएर आणि डिंका राहतात. ही नावं आपण वापरतो, ते स्वतःला अनुक्रमे 'नाथ' आणि 'जिएंग' म्हणतात. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या, रीती जवळच्या, आणि वैरही जुनं.

वर्षाचे दोन भाग. पाऊस लागला की सखल जमीन पाण्याखाली जाते, तेव्हा उंचवट्यावरच्या गावात राहायचं, ज्वारी पेरायची. तिथे गुरांसाठी 'लुआक' असतो. गोल, प्रचंड, गवताने शाकारलेला गोठा, माणसांच्या झोपडीपेक्षा कितीतरी मोठा. उन्हाळा लागला, पाणी आटलं की गुरं घेऊन नदीकाठच्या कुरणाकडे निघायचं. तिथे तळ पडतो. नुएर त्याला 'वेच' म्हणतात.

अशा तळावरची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. दिवसभर मुलांनी शेण गोळा करून, पातळ पसरून वाळवलेलं असतं. उन्हं कलली की त्याचे ढीग पेटवतात. ज्वाळा नसते, नुसता धूर. तो जमिनीलगत पसरतो, कारण डास असे असतात की धुराशिवाय गुरंही जगणार नाहीत आणि माणसंही. त्या धुरातून शिंगं पुढे येताना दिसतात. प्रत्येक गाय आपल्या खुंट्याशी जाऊन उभी राहते. शेणाची राख पांढरी, मऊ, पिठासारखी. ती अंगाला फासतात, गुरांच्या पाठीवर चोळतात, दातांना लावतात, तिच्यावरच झोपतात. गोमूत्राने हात आणि भांडी धुतात, केस त्याने तांबूस करतात. दुधाचे भोपळे धुराने शेकतात. गाईचं वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात गवत भरून ते तिच्यापुढे ठेवतात, म्हणजे ती पान्हा सोडते. आपल्याकडच्या जुन्या गोपालकांनाही ही युक्ती ठाऊक होती.

वेळ सांगायची तर गुरांवरून. गुरं सोडायची वेळ, धार काढायची वेळ, वासरं परत यायची वेळ. ''धारेच्या वेळी येतो'' म्हटलं की समोरच्याला कळतं. खेड्यात वाढलेल्या मंडळींना हे घड्याळ कळायला अवघड नाही.

पण धार काढतं कोण? बायका, मुली आणि लहान मुलगे. प्रौढ पुरुषाने गाईची धार काढायची नाही. शंभर गाईंचा मालक असला तरी वाटीभर दुधासाठी त्याला बायकोकडे, बहिणीकडे, नाहीतर पोराकडे पाहावं लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक विचित्र मनाई म्हणून पुढे गेलो होतो. नंतर लक्षात आलं की या एका नियमाने घर बांधून ठेवलेलं आहे. गुरं पुरुषाच्या नावावर, दूध बाईच्या हातात. एकट्या माणसाला, कितीही श्रीमंत असो, जगताच येणार नाही अशी ही तजवीज आहे.

मुलगा धार काढणं कधी थांबवतो? नुएरांमध्ये 'गार' झाला की. मुलगा उताणा झोपतो, आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत सहा आडव्या रेघा लहान सुरीने कापल्या जातात. ओरडायचं नाही, हलायचं नाही. रेघ वाकडी गेली तर ती जन्मभर सांगत राहते की तू हललास. जखमा भरेपर्यंत मुलं वेगळी राहतात. मग बाप त्याला भाला देतो आणि एक बैल देतो. त्या दिवसापासून तो माणूस झाला, आणि त्या दिवसापासून धार काढणं बंद. शहरांत आणि निर्वासित छावण्यांत वाढलेले अनेक तरुण आता हे करत नाहीत. कोणत्याही मुलावर असं कापणं लादलं जाऊ नये असंच माझंही मत आहे. पण ज्यांच्या कपाळावर त्या रेघा आहेत त्यांच्याकडे रानटी म्हणून पाहण्याचा हक्क आपल्याला नाही.

आणि आता तो बैल. माझ्या डिंका शेजाऱ्याकडून मी सगळ्यात जास्त शिकलो ते याबद्दल.

बापाने दिलेला हा बैल नांगराला जुंपायचा नसतो, तिथे नांगर नसतोच. तो त्या तरुणाचा जोडीदार. त्याच्या शिंगाचं टोक तिरकं कापून ते हवं त्या वळणाने वाढवतात, त्याला गोंडे लावतात, गळ्यात घंटा बांधतात. तरुण त्याच्यावर गाणी रचतो आणि त्याच्यापुढे चालत ती गातो. नाचताना दोन्ही हात डोक्यावर उंच उभारतो, आपल्या बैलाच्या शिंगांच्या वळणाने. आणि बैलाच्या रंगावरून त्याला नाव मिळतं. मित्र त्याला त्याच नावाने हाक मारतात.

डिंका भाषेत बैलाच्या रंगांचं नाव 'मा'ने सुरू होतं. पांढरा तो माबिओर. तांबडा तो मालुआल. काळा-पांढरा तो माजोक. पुढे मात्र रंग प्राण्यांकडे जातात. 'न्यांग' म्हणजे मगर, तिच्या अंगावर असतात तशा पट्ट्यांचा बैल तो मान्यांग. 'कुआच' म्हणजे बिबट्या, ठिपक्याठिपक्यांचा तो माकुआच. 'कुएइ' म्हणजे मत्स्यगरुड, काळ्या अंगाचा, पांढऱ्या डोक्याचा नदीकाठचा गरुड, त्यावरून पांढऱ्या डोक्याचा काळा बैल तो माकुएइ. गंमत अशी, की तळावरचं लहान मूल आधी बैल पाहतं आणि बिबट्या नंतर कधीतरी. म्हणजे बिबट्या पाहिल्यावर त्याला आठवतो तो बैल.

दक्षिण सुदानच्या मुक्तिलढ्याचे नेते जॉन गरांग द माबिओर यांचं नाव आपण बातम्यांत ऐकलं असेल. त्यातला माबिओर म्हणजे पांढरा बैल.

गाईगुरांचं हे वेड पाहून बाहेरच्यांनी या लोकांना गुरांचे पुजारी ठरवलं. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड १९३० साली नुएरांकडे गेले, त्याच्या थोडंच आधी ब्रिटिश सरकारने या मुलखावर विमानांतून बॉम्ब टाकले होते, गुरं जप्त केली होती, आणि न्गुंडेंग या संतपुरुषाने उभारलेला मातीचा उंच स्तूप १९२८ साली सुरुंगाने उडवायचा प्रयत्न केला होता. अशा वेळी पाहुण्याशी कोण मोकळेपणाने बोलणार? पण त्यांनी चिकाटीने एक गोष्ट ओळखली: इथलं कुठलंही नातं समजून घ्यायचं तर गुरं कुठून कुठे गेली ते पाहा.

ते कसं, हे लग्नातून कळतं. तिथे मुलीकडचे हुंडा देत नाहीत. मुलाकडून गुरं येतात. आपल्याकडच्या आदिवासी समाजात याला 'देज' हा नेमका शब्द आहे, तोच मी वापरतो. त्या काळी नुएरांमध्ये चांगलं देज म्हणजे ४० गुरं. त्यातली काही मुलीच्या बापाकडच्यांना, काही आईकडच्यांना. काकाला किती, मामाला किती, सावत्र भावाला कोणती, सगळं ठरलेलं. बैठकीत माणसं तासन्‌तास बसून एकेका गुराचं नाव, रंग, वंश सांगत वाद घालतात. मामाला मिळालेली गाय उद्या मामाच्या मुलाच्या देजात जाते, तिचं वासरू परवा आणखी कुठे. म्हणजे एका मुलीच्या लग्नाची गाय पाचपन्नास घरांतून फिरते आणि प्रत्येक घराला आठवत असतं की ही अमकीची गाय. लिहिलेला कागद नसलेल्या समाजाने नात्यांची वही गाईच्या पाठीवर लिहून ठेवलेली आहे. लग्न मोडायचं तर ती सगळी गुरं परत फिरवावी लागतात, म्हणून दोन्हीकडचे लोक संसार टिकावा म्हणून खटपट करतात.

याच वहीत आपल्याला अचंबा वाटावा अशा नोंदी आहेत. एखादा माणूस वंशाविना मेला तर त्याचा भाऊ किंवा पुतण्या 'त्याच्या नावाने' गुरं देऊन बायको आणतो. संसार जिवंत माणूस करतो, पण मुलं मेलेल्याची. त्यांच्या नावापुढे त्याचं नाव लागतं. एखादी बाई निपुत्रिक असेल आणि तिच्याजवळ गुरं असतील, तर ती स्वतः गुरं देऊन दुसरी मुलगी 'बायको' म्हणून घरी आणते. त्या मुलीला कोणा पुरुषापासून मुलं होतात आणि ती या बाईला बाप म्हणतात. बाप कोण हे रक्तावर ठरत नाही, गुरं कोणी दिली यावर ठरतं. कोणाचंही नाव पुसलं जाऊ नये, ही त्यामागची तळमळ आहे.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणं मला जमणार नाही. मुलीचं मन या बैठकीत शेवटी विचारलं जातं, कधी विचारलंही जात नाही. युद्धानंतर देजाची मागणी शंभरावर, कधी त्याच्याही वर गेली. एवढी गुरं आणायची कुठून? तरुण बंदूक घेऊन शेजारच्या तळावर धाड घालतात. आणि जास्त गुरं देणाऱ्या वयस्काला कोवळी मुलगी दिली जाते, तिची शाळा सुटते. दक्षिण सुदानातल्या बायकाच याविरुद्ध बोलताहेत आणि त्यांचं ऐकलं पाहिजे.

लग्नात गुरं जशी फिरतात तशीच ती खुनातही फिरतात. नुएरांमध्ये राजा नव्हता, पोलीस नव्हते. खून झाला की मारणारा थेट 'कुआर मुओन'च्या घरी धावत जायचा. या शब्दाचा अर्थ जमिनीशी जोडलेला पुढारी. तो खांद्यावर बिबट्याचं कातडं घेतो. मेलेल्याचं रक्त खुन्याच्या अंगात शिरतं असं मानायचे, म्हणून तो खुन्याच्या दंडावर चीर देऊन ते वाहू द्यायचा. तोवर खुन्याने अन्नपाणी शिवायचं नाही. या पुढाऱ्याच्या अंगणात आल्यावर कोणी सूड घ्यायचा नाही. या माणसाजवळ सैन्य नाही, सक्ती नाही, फक्त शब्द आणि धीर. तो दोन्ही घरांमध्ये फेऱ्या घालतो, महिनोन्‌महिने, मेलेल्याच्या भावांचा संताप निवेपर्यंत. शेवटी ४०-५० गुरं ठरतात.

त्या गुरांचं काय करतात ते ऐका. मेलेल्याचे भाऊ ती गुरं देज म्हणून देतात आणि मेलेल्याच्या नावाने बायको आणतात. तिला मूल होतं. त्या मुलाला त्याचं नाव लागतं. ज्याला मारलं, त्याचं घर मारणाऱ्याच्या गुरांनी पुन्हा वसतं. मी जगभरातल्या न्यायपद्धतींबद्दल थोडंफार वाचलं आहे. मेलेल्या माणसाला याहून अधिक काही परत देणारी पद्धत माझ्या वाचनात नाही.

मग बंदूक आली. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ शॅरन हचिन्सन यांनी १९८०च्या दशकापासून नुएरांमध्ये काम केलं आणि हा बदल जवळून नोंदवला. भाल्याने मारलं की कोणी मारलं ते कळतं. गोळी कुठून आली कळत नाही. मग रक्त कोणाच्या दंडातून काढायचं, गुरं कोणाकडून मागायची? सेनानी सांगू लागले की हे 'सरकारचं युद्ध' आहे, इथे मारल्याचा विटाळ लागत नाही, देणं लागत नाही. ज्या समाजात प्रत्येक मरणाचा हिशोब गुरांत पूर्ण होत होता, तिथे हजारो मरणं बेहिशेबी राहिली. पैशाचंही तसंच. नुएर म्हणतात, पैशाला रक्त नसतं. बाजारातून पैशाने घेतलेली गाय एकट्याची, देजातून आलेली गाय सगळ्यांची, असा फरक ते करू लागले. संडास साफ करून मिळवलेल्या पैशाची गाय तर लग्नात चालणार नाही, असंही म्हणणारे होते.

१९९१ साली दक्षिणेच्या मुक्तिसेनेत फूट पडली. फुटून निघालेला सेनानी रिएक माचार नुएर, गरांग डिंका. बोर भागात डिंकांची कत्तल झाली, आणि पुढची काही वर्षं दोन्ही समाज एकमेकांना मारत राहिले. माझा शेजारी त्याच भागातला. त्या दिवसांबद्दल तो कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

१९९९च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बहर अल-गझल प्रांतातल्या वुनलित या गावी दोन्हीकडचे मुखिया, बायका, धर्मगुरू जमले. चर्चच्या मंडळींनी पुढाकार घेतला होता, पण सभेची रीत मात्र डिंका-नुएरांची. सुरुवातीला एक मोठा पांढरा बैल मध्यभागी आणला. माबिओर. त्याच्यावर हात ठेवून, त्याला साक्षी ठेवून शपथा झाल्या आणि त्याचा बळी दिला. मग दिवसच्या दिवस लोक एकेक उठून सांगत होते, माझा मुलगा कसा मेला, माझी गुरं कोणी नेली, माझी बहीण कुठे आहे. कोणी मध्ये अडवायचं नाही. शेवटी ठरलं की पळवलेल्या बायका-मुलांना परत पाठवायचं, कुरणं आणि मासेमारीच्या जागा एकमेकांना मोकळ्या करायच्या. राजधान्यांत बसून झालेल्या कितीतरी करारांपेक्षा हा करार त्या पट्ट्यात जास्त टिकला.

डिसेंबर २०१३मध्ये नव्या देशातच पुन्हा युद्ध पेटलं. राजधानी जुबाच्या रस्त्यांवर माणसांना थांबवून, त्यांची भाषा ऐकून, कपाळावरच्या रेघा पाहून मारलं गेलं. त्यानंतर २०१९पासून पुरांनी गाठलं. बेंतिऊ शहराच्या आसपास पाणी आलं ते वर्षानुवर्षं ओसरलंच नाही. असंख्य गुरं मेली. माणसं कमळाचे कंद आणि बिया उकडून खात राहिली. आज तिथे लग्नं होतात तेव्हा कितीतरी गुरं नुसती बोलली जातात. ती पुढे द्यायची, पाणी उतरल्यावर. बैठक मात्र होते, रंग सांगितले जातात, मामाचा वाटा ठरतो.

माझा डिंका शेजारी शिकून परत गेला. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर बैल काढत बसला होता. चित्रकार नव्हता, पण प्रत्येक बैलाचा डाग नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यात त्याची रेघ कधी चुकली नाही. खाली रोमन लिपीत नावं लिहिली. मालुआल, माजोक, माकुआच, माकुएइ. मग पेन माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, ''आता तुमच्याकडची नावं लिहा.'' मी मालुआलखाली तांबडा लिहिलं. माजोकखाली बांडा. माकुआचखाली कबरा. माकुएइशी येऊन अडलो. काळं अंग आणि डोकं तेवढं पांढरं, अशा बैलाला आमच्या गावात काय म्हणायचे ते मला आठवेना. मी गावी फोन करून मोठ्या काकांना विचारलं. त्यांनी आधी विचारलं, ''बैल कोणाचा?''